कॅम निवडावा तो आपल्या रस्त्यासाठी



हार्ले-डेव्हिडसनची टूरिंग गाडी घेतलेला माणूस सायलेन्सर आणि एअर क्लीनर बदलून झाला की हमखास एक प्रश्न विचारतो: आता कॅम कुठला टाकू? त्याचं उत्तर बहुतेक वेळा कॅटलॉगमधल्या सर्वांत मोठ्या आकड्याकडे बोट दाखवून दिलं जातं. असं का होऊ नये, हे आज मला सांगायचं आहे.

हार्लेने १९९९च्या मॉडेलपासून ट्विन कॅम इंजिन आणलं आणि २०१७च्या टूरिंग मॉडेलांपासून मिल्वॉकी-एट. पहिल्यात दोन कॅमशाफ्ट आहेत. दुसऱ्यात एकच आहे, पण दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आहेत. दोन्ही इंजिनं ४५ अंशांची व्ही-ट्विन, आणि दोन्हींत कॅम खाली क्रँकशेजारी बसतो. तिथून पुशरॉड वर जातात आणि रॉकरमार्फत व्हॉल्व्ह उघडतात. त्यामुळे कॅम बदलायला हेड उतरवावं लागत नाही, बाजूचं कव्हर उघडलं की काम सुरू होतं. हार्लेवाल्यांमध्ये हा बदल इतका रुळला त्याचं मोठं कारण हेच. अँड्र्यूज, एस अँड एस, फ्यूलिंग अशा कंपन्या कॅम बनवतात आणि हार्लेचे स्वतःचे ‘स्क्रीमिन ईगल’ कॅमही मिळतात.

कॅमच्या कागदावर लिफ्ट, ड्युरेशन, ओव्हरलॅप असे आकडे असतात. व्हॉल्व्ह किती उचलला जातो ती लिफ्ट. क्रँकचे किती अंश तो उघडा राहतो ते ड्युरेशन. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच वेळी उघडे असतात तो ओव्हरलॅप. दोन कॅमची तुलना करताना ड्युरेशन एकाच लिफ्टला मोजलं आहे ना, एवढं पाहा. हार्लेच्या जगात ते ०.०५३ इंचाला मोजायची रीत आहे. पण टूरिंगवाल्याने सर्वांत आधी ज्यावर बोट ठेवायचं तो आकडा वेगळाच आहे: इनटेक व्हॉल्व्ह बंद कधी होतो?

इथे जरा थांबू या. पिस्टन खाली येतो आणि सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण शिरतं. पिस्टन तळाला पोचून पुन्हा वर निघाला तरी इनटेक व्हॉल्व्ह लगेच मिटत नाही, काही अंश उघडाच राहतो. इंजिन जोरात फिरत असेल तर आत धावत आलेल्या मिश्रणाला स्वतःचा वेग असतो, म्हणून पिस्टन वर येत असतानाही ते आत शिरत राहतं आणि सिलिंडर आणखी भरतो. इंजिन सावकाश फिरत असेल तर तो वेग नसतो. मग वर येणारा पिस्टन आत आलेलं मिश्रण त्याच दारातून परत ढकलतो. ३,००० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो, आणि क्रँकचे १० अंश म्हणजे सेकंदाचा साधारण अठराशेवा भाग. एवढ्याशा अवधीत गाडी घाटात ओढणार की दम तोडणार, हे ठरतं. व्हॉल्व्ह लवकर मिटला तर खालच्या आरपीएमला ताकद, उशिरा मिटला तर वरच्या. दोन्ही एकाच कॅममध्ये मिळत नाहीत.

मग जाहिरातीत मोठा आकडा उशिरा मिटणाऱ्या कॅमचाच का असतो? अश्वशक्ती म्हणजे पाउंड-फूटमधला टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ५,२५२. समजण्यापुरते दोन कॅम घेऊ. पहिला २,५०० आरपीएमला १०५ टॉर्क देतो आणि ५,२५०ला ८५. दुसरा दोन्हीकडे ९५ देतो. जाहिरातीत पहिल्यापुढे ८५ अश्वशक्ती लागेल आणि दुसऱ्यापुढे ९५. पण २,५००ला पहिला ५० अश्वशक्ती देतो आणि दुसरा ४५. मागे जोडीदार, दोन्ही बाजूंना भरलेल्या पेट्या आणि समोर चढ असताना स्वार २,५००च्या आसपासच असतो. ५,२५०ला तो वर्षातून किती वेळ घालवतो? मिल्वॉकी-एट १०७ कारखान्यातून येतं तेव्हाच त्याचा सर्वाधिक टॉर्क ३,२५० आरपीएमच्या आसपास मिळतो. टूरिंगचं काम कुठे चालतं, हे बनवणाऱ्यालाही ठाऊक आहे.

ओव्हरलॅप जास्त असला की उभी गाडी अडखळत, ठेका धरून वाजते. तो आवाज अनेकांना आवडतो. पण जळालेला वायू ताज्या मिश्रणात मिसळून ज्वलन अनियमित होतं, त्याचाच तो आवाज आहे. त्यासाठी खालची ओढ गमावू नका.

मात्र व्हॉल्व्ह जितका लवकर मिटेल तितकं बरं, असंही नाही. तो लवकर मिटला की सिलिंडरमध्ये दाब वाढतो, आणि गरम हवेत, जड ओझ्याखाली इंजिन नॉक करू लागतं. ते टाळायला पेट्रोलचं ऑक्टेन पुरेसं लागतं, आणि इथे भारतातल्या स्वाराने एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. अमेरिकन कॅमवाला ‘९१ ऑक्टेन वापरा’ म्हणतो तेव्हा तो अमेरिकन पंपावरचा आकडा असतो, म्हणजे रिसर्च आणि मोटर या दोन मोजमापांची सरासरी. आपल्याकडे सांगितला जाणारा आकडा नुसत्या रिसर्च पद्धतीचा. अमेरिकेतलं ९१ आपल्याकडच्या ९५च्या आसपास जातं. आकडा सारखा, पेट्रोल वेगळं. साध्या पेट्रोलवर भिस्त असेल, तर दाब फार वाढवणारा कॅम घेऊ नका.

कॅम एकटा येत नाही. लिफ्ट वाढली तर मूळ स्प्रिंग तेवढ्या दबतात का आणि व्हॉल्व्ह पिस्टनला भिडत तर नाही ना, हे तपासावंच लागतं. टाकी आणि रॉकर बॉक्स न उतरवता काम करायचं असेल तर मेकॅनिक मूळ पुशरॉड कटरने सरळ तोडून काढतात आणि कमी-जास्त करता येणारे नवे पुशरॉड बसवतात. तो खर्च आधीच धरा. जुन्या ट्विन कॅममध्ये कॅमची चेन ताणणारे स्प्रिंगचे प्लास्टिक शू झिजतात आणि त्यांचे तुकडे तेलात जातात. कव्हर उघडलंच आहे तर ते आणि आतली बेअरिंग पाहिल्याशिवाय बंद करू नका. शेवटी ईसीएम, म्हणजे किती पेट्रोल सोडायचं ते ठरवणारा गाडीतला संगणक. कॅम बदलला की इनटेकमधला दाब बदलतो आणि त्यातला मूळ मॅप चुकीच्या प्रमाणात पेट्रोल देऊ लागतो. डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, मॅप नीट बसवून घ्यायला पैसे नसतील तर कॅमही घेऊ नका.

कायद्याचंही भान हवं. आपल्या मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनमानी बदल करू देत नाही. अमेरिकेत तर धूर वाढवणारी ट्यूनिंगची उपकरणं विकल्याबद्दल २०१६मध्ये खुद्द हार्लेनेच १ कोटी २० लाख डॉलरचा दंड मान्य केला. म्हणून आपल्याकडे काय चालतं याची खात्री आधी करून घ्या, पार्सल नंतर मागवा.

तेव्हा माझं सांगणं एवढंच. पुढच्या लांबच्या प्रवासात आरपीएमच्या काट्याकडे लक्ष ठेवा. सपाट रस्त्यावर, चढावर, मागे माणूस बसलेला असताना काटा कुठे असतो, ते मुक्कामाला पोचल्यावर वहीत लिहा. ती वही दुकानदारापुढे ठेवा आणि याच पट्ट्यात ओढणारा कॅम मागा. आणि त्या पट्ट्यात मूळ कॅमच चांगला ओढत असेल, तर तोच राहू द्या.