जागेचा व्यवहार आणि मधला माणूस



घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. हल्ली शहरागावांत घर बांधणाऱ्यांपेक्षा तयार घर घेणारेच जास्त दिसतात. पण दगदग तीच. लग्नात जसा मध्यस्थ असतो, तसा घराच्या व्यवहारात दलाल असतो. सगळं नीट पार पडलं तर त्याला कोणी विचारत नाही. बिनसलं, की सगळे त्याच्यावरच तुटून पडतात.

आज आम्ही याच विषयावर चार शब्द सांगणार आहोत. कायद्याच्या काही गोष्टी सांगू. पण मुख्य बोलायचं आहे ते माणसांच्या वागण्याविषयी. कारण जागेचे पुष्कळ व्यवहार पैशासाठी मोडत नाहीत, ते शब्दासाठी मोडतात.

दलालाचं काम काय? जागा दाखवायची, दोन्ही पक्षांची गाठ घालून द्यायची, भाव जुळवायचा, कागद जमवायला मदत करायची. त्याबद्दल तो दलाली घेतो. यात गैर काही नाही. मग अडतं कुठे? विकणाऱ्याला भाव जास्त हवा असतो. घेणाऱ्याला कमी हवा असतो. दलालाला व्यवहार लवकर व्हायला हवा असतो. हे तिघांनीही ओळखून असावं. ओळखलं म्हणजे राग निम्मा कमी होतो.

आता एक घडलेली गोष्ट ऐका. नावं सांगत नाही.

आमच्या तालुक्याच्या गावी एक जुनं घर विकायला निघालं. घर वडिलांनी स्वतः बांधलेलं. आईवडील दोघेही वारलेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मागे दोन भाऊ आणि एक बहीण. बहीण लग्न होऊन नाशिकला गेलेली. घेणारं जोडपं कष्टाळू. नवरा एस. टी. त कंडक्टर, बायको शिवणकाम करणारी. वीस वर्षांची शिल्लक आणि वर बँकेचं कर्ज, असा त्यांचा हिशेब.

दलाल म्हणाला, "सगळे तयार आहेत. विसार देऊन टाका. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे." जोडप्यानं घाईनं विसार दिला. पावती अर्ध्या कागदावर. तिच्यावर एकट्या थोरल्या भावाची सही.

पुढे बँकेच्या वकिलानं मिळकत पत्रिका पाहिली. तिच्यावर तीन वारसांची नावं. त्यानं विचारलं, "बहिणीची सही कुठे आहे?" तेव्हा कळलं, की बहिणीला कोणी विचारलंच नव्हतं.

मग तोंडातोंडी सुरू झाली. शिवणकाम करणाऱ्या बाई दलालाला म्हणाल्या होत्या, "घर जुनं आहे, छप्पर बदलावं लागेल, तेवढे पैसे कमी करायला सांगा." दलालानं थोरल्या भावाला सांगितलं, "ते म्हणतात, घर पडकं आहे." भाऊ संतापला. "आमच्या वडिलांच्या घराला पडकं म्हणतात? विसार परत मिळणार नाही!" हे ऐकून जोडपं म्हणालं, "दलाल आणि मालक एकमेकांना मिळालेले आहेत." नाशिकहून बहिणीचा फोन आला, "माझी सही मिळणार नाही." दलाल सगळ्यांचे फोन घ्यायचा बंद झाला. म्हणजे वीस वर्षांची शिल्लक अडकली आणि भावाबहिणीचं बोलणं तुटलं.

शेवटी धाकटा भाऊ आमच्याकडे आला. आम्ही काही वकील नाही. एवढंच केलं, की सगळ्यांना एका सतरंजीवर बसवलं. दलालालाही बोलावलं. बहीण एस. टी. नं आली. आम्ही सांगितलं, "कोण काय म्हणालं, हे दुसऱ्याच्या तोंडून सांगायचं नाही. ज्यानं त्यानं आपलं म्हणणं मांडावं."

बाईंनी छपराचं सांगितलं. भावानं ऐकलं आणि म्हणाला, "छप्पर गळतं, हे खरं आहे." इतकी साधी गोष्ट होती!

मग बहीण बोलली. "ताईला विचारायचं काय कारण, असं तुम्हांला वाटलं ना? मला पैशाचं नाही रे. बाबांचं घर विकलं, हे मला परक्याकडून कळलं." थोरला भाऊ खाली बघत राहिला.

त्याच बैठकीत चार गोष्टी लिहून काढल्या. किंमत किती. छपरासाठी किती कमी. बहिणीचा वाटा तिच्याच खात्यात. खरेदीखताला तिघांनी हजर राहायचं. दलालानं आपली दलाली कोण किती देणार, तेही लिहिलं. खाली सगळ्यांच्या सह्या. पुढे दोन महिन्यांनी खरेदीखत झालं. जोडप्याला तेवढ्या काळाचं जादा घरभाडं सोसावं लागलं. भावाबहिणीचं मन लगेच साफ झालं, असं आम्ही म्हणणार नाही. पण पुढच्या दिवाळीत भाऊबीजेला थोरला भाऊ नाशिकला गेला, हे आम्हांला ठाऊक आहे.

या गोष्टीतून काय घ्यायचं?

पहिलं म्हणजे, निरोपावर व्यवहार करू नका. दलालानं भाव खालीवर करावा, पण शब्द बदलू नयेत. महत्त्वाचं बोलणं तिघांच्या समोर करा.

दुसरं, वारसांना विचारा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, वडील मृत्युपत्र न करता वारले, तर त्यांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. वडिलार्जित मिळकतीतही मुलीला मुलासारखा हक्क आहे. तसा कायदा महाराष्ट्रात १९९४ साली आणि साऱ्या देशात २००५ साली झाला. बहिणीला वाटा सोडायचा असेल तर तिनं राजीखुशीनं नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र करून द्यावं. तिला गृहीत धरू नये.

तिसरं, कागद आधी पाहा, विसार मग द्या. शेतजमीन असेल तर सातबारा आणि फेरफार पाहा. गावठाणात किंवा शहरात मिळकत पत्रिका असेल तर ती पाहा. नुसत्या विसारपावतीनं मालकी मिळत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणी केलेल्या खरेदीखतानंच होते. हा नियम १८८२ सालापासून आहे. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवायला द्यावा लागतो.

चौथं, पैसे बँकेतून द्या. २०१५ पासून जागेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा जास्त रक्कम रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही. बँकेतून दिलेल्या पैशाला पुरावा राहतो. 'दिले', 'नाही दिले' हे भांडणच उरत नाही.

पाचवं, दलाली आधी ठरवा आणि लिहा. किती, कोणी, आणि केव्हा द्यायची? दलाल दोघांकडून घेणार असेल तर ते दोघांनाही माहीत असावं. लपवलेली दलाली हेच निम्म्या संशयाचं मूळ. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, जो ज्याच्या वतीनं काम करतो, त्यानं त्याला मागितल्यावर हिशेब दिला पाहिजे. मालकापासून लपवून दलालानंच ती जागा स्वतः घेतली आणि त्यात मालकाचं नुकसान झालं, तर मालकाला तो व्यवहार नाकारता येतो.

नवीन इमारतीत घर घेणार असाल, तर आणखी एक कायदा आहे. तो २०१६ सालचा. लोक त्याला 'रेरा' म्हणतात. महाराष्ट्रात त्याचं काम 'महारेरा' पाहते. नोंदणी झालेल्या प्रकल्पातली घरं विकून देणाऱ्या दलालालाही नोंदणी घ्यावी लागते. त्याचा नंबर मागा. मागण्यात संकोच नको. डॉक्टरची पाटी आपण वाचतोच ना? बांधणाऱ्यानंही नोंदणी केलेला करार होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ नये, असं त्यात आहे. दलालानं फसवलं तर महारेराकडे तक्रार करता येते.

आता एक शब्द गिऱ्हाइकांना. सारा दोष दलालाचा नसतो. त्यानं दहा जागा दाखवायच्या, आणि आपण मागच्या दारानं मालकाला गाठून त्याची दलाली बुडवायची, हे बरं नव्हे. त्याच्याही घरी चूल आहे. रात्री अकराला फोन करून जाब विचारणं, चारचौघांत त्याला लुच्चा म्हणणं, हेही शोभत नाही. राग आला तर त्या दिवशी बोलू नका. दुसऱ्या दिवशी कागद हातात घेऊन बोला.

आणि दलालांना एवढंच सांगणं, की माहीत नसेल तर 'माहीत नाही, विचारून सांगतो' असं म्हणा. वाईट बातमी असेल तर आधी सांगा. फोन बंद ठेवून कोणताही व्यवहार वाचलेला नाही.

मंडळी, तुम्ही कष्टानं अक्षरं शिकलात. ज्या कागदावर पूर्वी अंगठा उठवला असता, तो आता तुम्ही वाचू शकता. तेव्हा कोणी म्हणालं, "इथे सही करा, बाकी मी बघतो," तर शांतपणे म्हणा, "थांबा, आधी वाचतो." अडलं तर जाणत्या माणसाला विचारा. चांगला दलाल थांबेल. जो थांबणार नाही, त्याच्याकडून घर घेण्याचं कारण नाही.