आकाशातले क्षणाचे भडके

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यवाहांनी मला 'काहीतरी शास्त्रीय बोला' म्हणून गळ घातली. मी काही शास्त्रज्ञ नाही. डिप्लोमा करून रेल्वेच्या सिग्नल खात्यात लागलेला माणूस. पण आजचा विषय मला आमच्या खात्यातलाच वाटतो. दूर कुठेतरी काही घडते, त्याची खबर क्षणभर येते आणि ती कुठून आली ते शोधायचे असते.

1963 साली अमेरिका, रशिया व ब्रिटन यांच्यात हवेत, पाण्याखाली आणि अंतराळात अणुचाचण्या न करण्याचा करार झाला. करार झाला तरी विश्वास कोणाचा कोणावर नव्हता! म्हणून अमेरिकेने 'वेला' नावाचे उपग्रह लाखभर किलोमीटर उंचीवर सोडले. अणुस्फोटातून गॅमा किरण निघतात, ते टिपायचे हे त्यांचे काम. 2 जुलै 1967 रोजी त्यांनी एक भडका टिपला, पण तो अणुबाँबसारखा दिसत नव्हता. ही नोंद 1969 मध्ये जुनी आकडेवारी चाळताना क्लीबसॅडेल आणि ओल्सन यांच्या नजरेला आली. तसे आणखी भडके सापडत गेले.

आता ते आले कुठून? प्रकाशाचा वेग सेकंदाला 3 लाख किलोमीटर. एका उपग्रहाकडून समोरच्या बाजूच्या उपग्रहाकडे जायला त्यालाही पाऊण सेकंदाच्या आसपास लागतो. म्हणजे भडका आधी कोणाला दिसला, नंतर कोणाला, यावरून दिशा निघते. कंट्रोलमध्ये बसून दोन स्टेशनांच्या वेळांवरून गाडी अप की डाऊन हे ओळखावे, तसेच. उत्तर आले ते असे की हे ना पृथ्वीवरून येत, ना सूर्यावरून. 1973 मध्ये अशा 16 भडक्यांची माहिती प्रसिद्ध झाली आणि खगोलशास्त्रज्ञांची झोप उडाली.

हे जमिनीवरून का पाहता येत नाही, असे कोणी विचारेल. आपले वातावरण गॅमा किरण अडवते. ते अडवते म्हणून आपण आहोत. शिवाय हे किरण साध्या भिंगाने वा आरशाने एकत्र आणता येत नाहीत. मग युक्ती काय? खिडकीच्या जाळीची सावली फरशीवर कुठे पडली ते पाहून सूर्य कुठे आहे हे आपण सांगू शकतो. तसाच धातूचा भोकाभोकांचा पडदा वर आणि खाली मोजणी करणारे संवेदक. सावलीवरून दिशा काढायची. मला ही कल्पना फार आवडते.

1991 साली सोडलेल्या कॉम्प्टन वेधशाळेने नऊ वर्षांत 2704 भडके मोजले. ते आकाशात सगळीकडे सारखे विखुरलेले होते. आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्यात गर्दी नाही! तरीही वाद मिटेना. एप्रिल 1995 मध्ये वॉशिंग्टनला जाहीर वादसभा झाली. डॉन लँब म्हणाले, हे आपल्याच आकाशगंगेभोवतीचे. पोलंडचे बोहदान पाचिन्स्की म्हणाले, अब्जावधी प्रकाशवर्षे दूरचे. लांबचे मानले तर ऊर्जा इतकी अफाट निघे की पाचिन्स्कींवर विश्वास ठेवायला बरेच जण तयार नव्हते.

निकाल लागला तो बेप्पोसॅक्स या इटालियन-डच उपग्रहामुळे. 28 फेब्रुवारी 1997 च्या भडक्यानंतर त्याने काही तासांत आपली क्ष-किरण दुर्बीण तिकडे वळवली आणि मागे राहिलेली धग पकडली. जमिनीवरच्या दुर्बिणींना पत्ता मिळाला. त्याच वर्षीच्या मे महिन्यातल्या भडक्याचे अंतर मोजले, तर प्रकाश निघून निदान 7 अब्ज वर्षे झालेली. पाचिन्स्की बरोबर होते.

2004 सालचा 'स्विफ्ट' उपग्रह याच घाईसाठी बनवला गेला. भडका दिसताच कोणाच्या हुकमाची वाट न पाहता तो मिनिटभरात आपणहून तिकडे वळे. आज आपण मानतो की दोन सेकंदांपेक्षा लांबणारे बहुतेक भडके म्हणजे प्रचंड ताऱ्याचा शेवट, आणि त्याहून छोटे बहुतेक न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचे. 17 ऑगस्ट 2017 ला गुरुत्वलहरी आल्या आणि 1.7 सेकंदांनी फर्मी उपग्रहाने भडका नोंदवला. टक्कर प्रत्यक्ष पकडली गेली. आपला ॲस्ट्रोसॅट तेव्हा पृथ्वीआड होता, त्याला काही दिसले नाही. पण न दिसण्यावरूनही शोधायचा भाग आकसला.

ॲस्ट्रोसॅट 28 सप्टेंबर 2015 ला श्रीहरिकोट्याहून उडाला. त्याच्यावरच्या सीझेडटीआय या उपकरणाने सुरू होताच, 6 ऑक्टोबरला, पहिला भडका टिपला आणि 2023 पर्यंत सहाशेचा आकडा गाठला. त्याच्या माहितीचा कारभार पुण्याच्या आयुकात पाहिला गेला. इथे परमुलखात बसून हे सांगताना जरा छाती फुगते, नाही म्हणत नाही.

आणि 9 ऑक्टोबर 2022! आजवर नोंदलेला सर्वांत प्रखर भडका. सुमारे 2 अब्ज वर्षे प्रवास करून आला आणि फर्मीच्या संवेदकांची मोजणीच तुंबली. आपल्या देशातली वीज पडल्याची नोंद करणारी यंत्रेसुद्धा त्याने चाळवली. त्या दिवशी आपण कोणी मान वर करून पाहिले नाही. पाहिले असते तरी डोळ्यांना काही दिसले नसते.

कार्यवाह आरतीची खूण करताहेत. बालमित्रांचे एकदोन प्रश्न तेवढ्यात घेतो.