हेझलनट आणि नाजूक पोट



ज्यांचें पोट नाजूक आहे, त्यांच्या ताटांत एक फेरफार नकळत होत असतो. आज एक पदार्थ बाधला, तो वर्ज्य झाला. महिन्याभरानें दुसरा बाधला, तोहि वर्ज्य झाला. असें करतां करतां कांहीं वर्षांनीं मऊ भात, ताक आणि मनांतली भीति एवढेंच शिल्लक राहतें. आज मी ज्या फळाविषयीं बोलणार आहें, त्याच्यावरहि पुष्कळदां अशीच पुरी चौकशी न होतां बंदी येते. तें फळ म्हणजे हेझलनट.

लहान बोराएवढें, वाटोळें व कठीण कवचाचें हें फळ. जगांतील निम्म्याहून अधिक पीक तुर्कस्तानांत येतें, आणि तेंहि मुख्यतः काळ्या समुद्राच्या किनाऱ्यालगतच्या ओर्दू, गिरेसुन अशा भागांत. तिकडे त्याला फिंदिक म्हणतात. इटलीच्या पिडमाँट प्रांतांत तें भाजून, वाटून कोकोमध्यें मिसळण्याची जुनी रीत आहे. आपल्या घरीं तें बहुधा अशाच रूपानें येतें : चॉकलेटांत, केकांत, किंवा पावाला लावावयाच्या गोड मिश्रणांत. गोंधळाला सुरुवात होते ती येथेंच. कारण "मला हेझलनट सोसत नाहीं" या एका वाक्यांत तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असूं शकतात.

पहिली गोष्ट ॲलर्जी. शरीराची संरक्षक यंत्रणा या फळांतील प्रथिनाला शत्रु समजते. मग ओठ व तोंड खाजतें, अंगावर गांध्या उठतात, ओठ किंवा जीभ सुजते, वांत्या होतात; प्रसंगीं श्वास कोंडून प्राणावर बेततें. येथें "थोडेंसें खाऊन पाहूं" हा हिशेब लागू नाहीं, एखादा कणहि पुरतो. उत्तर युरोपांत बर्च वृक्षाच्या परागांचा त्रास असणाऱ्या अनेकांना कच्चें हेझलनट खाल्ल्यावर तोंडाला खाज सुटते, कारण दोहोंतील एक प्रथिन सारखें असतें. तें उष्णतेनें मोडतें, म्हणून भाजलेलें फळ त्यांतील पुष्कळांना बाधत नाहीं. परंतु याच फळांत उष्णतेला दाद न देणारीं दुसरीं प्रथिनें आहेत, आणि गंभीर विकार बहुधा त्यांच्यामुळेंच होतात. सबब "भाजलें म्हणजे निर्धोक" असें समजून कोणीं घरीं प्रयोग करूं नये; तज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासून घ्यावें. युरोपांत घटकांच्या यादींत हेझलनटाचा उल्लेख ठळकपणें करणें कायद्यानें बंधनकारक आहे. आपल्याकडेहि २०२० सालच्या नियमांप्रमाणें कवचफळांचा निर्देश वेष्टनावर करावा लागतो. तो वाचण्याचा आळस करूं नये.

दुसरी गोष्ट पचनाची. येथें शत्रुत्व नाहीं. प्रश्न आहे तो आंतड्यांच्या कुवतीचा. शंभर ग्रॅम हेझलनटांत सुमारें साठ ग्रॅम स्निग्धांश आणि दहा ग्रॅम चोथा असतो. शिवाय कांदा, गहूं व कडधान्यें यांत असतात त्या जातीच्या कांहीं शर्करा त्यांत असतात. लहान आंतड्यांत त्या पचत नाहींत. मोठ्या आंतड्यांत पोंचल्या कीं तेथील जंतु त्या आंबवितात आणि वायु धरतो. निरोगी माणसाला त्याचें कांहींच वाटत नाहीं. ज्याचें आंतडें हळवें आहे, त्याला तोच ताण कळ होऊन जाणवतो. येथें सर्व कांहीं प्रमाणावर अवलंबून असतें. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठानें अन्नांतील या शर्करांचें मोजमाप केलें आहे. त्याप्रमाणें हेझलनटाच्या सुमारें १० दाण्यांत, म्हणजे १५ ग्रॅमांत, त्या अल्प असतात. ३० ग्रॅमांवर त्या जाणवण्याइतक्या होतात. काजू व पिस्ते यांत त्या पुष्कळ अधिक. तेव्हां काजू सोसत नाहीं एवढ्यावरून हेझलनटालाहि दोषी ठरविणें न्यायाचें नव्हे.

तिसरी गोष्ट सोबत्यांची. १९६४ सालीं बाजारांत आलेलें नुटेला घ्या. त्यांत हेझलनट अवघे १३ टक्के, शर्करा निम्म्याहून अधिक आणि वर दुधाची भुकटी. केकांत मैदा, दूध, लोणी आणि साखर. ज्याला दुधांतील शर्करा किंवा गहूं सोसत नाहीं, त्याचें पोट अशा खाण्यानें बिघडलें तर दोष कोणाचा? नुसत्या हेझलनटांत दुधाची शर्कराहि नाहीं आणि गव्हांतील ग्लूटेनहि नाहीं.

मग परीक्षा कशी करावी? ॲलर्जी नाहीं अशी खात्री झाल्यावर, पोट शांत असेल अशा दिवशीं, नुसते भाजलेले तीन-चार दाणे सावकाश चावून खावे. त्या दिवशीं दुसरा नवा पदार्थ घेऊं नये. त्रास न झाल्यास कांहीं दिवसांत दहापर्यंत जावें आणि रोजची नोंद ठेवावी. त्रास झाला तर थांबावें, पोट निवळल्यावर कमी प्रमाणांत पुन्हां एकदां पाहावें; एकाच दिवसाच्या साक्षीवर निकाल देऊं नये. पथ्य म्हणून पदार्थ वगळावयाचे ते कांहीं आठवड्यांपुरते, आणि मग एकेक करून परत घ्यावयाचे. जन्मभर वगळीत गेल्यानें पोट सुधारत नाहीं, शरीराचें पोषण मात्र घटतें.

मात्र शौचावाटें रक्त जाणें, कारणावांचून वजन उतरणें, रात्रीं झोपेंतून उठविणारी कळ, अथवा उतारवयांत प्रथमच सुरू झालेली तक्रार, यांपैकीं कांहीं असेल तर दाणे मोजीत बसूं नये, डॉक्टरांकडे जावें.

सारांश, ज्याला ॲलर्जी आहे त्यानें कणहि खाऊं नये. आणि ज्याला ती नाहीं त्यानें भिऊन न सोडतां मोजून खाऊन पाहावें.