मुक्या यंत्रांचा दुभाषी

ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत मद्रास शहरात दुभाष्यांचा एक मोठा वर्ग होता. इंग्रज व्यापाऱ्याला तमिळ वा तेलुगू येत नसे आणि विणकराला इंग्रजी येत नसे. या दोघांच्या मध्ये उभा राहून जो व्यवहार जुळवून देई तो दुभाषी. या धंद्यात मान होता आणि पैसाही होता. पचैयप्पा मुदलियार (१७५४–१७९४) हे अशा दुभाष्यांपैकीच एक. त्यांनी धर्मादायासाठी मागे ठेवलेल्या धनातून पुढे त्या शहरातील प्रसिद्ध पचैयप्पा महाविद्यालय उभे राहिले. परंतु या व्यवस्थेत एक अडचण मूळचीच होती. दुभाष्याने एखादा शब्द गाळला किंवा पदरचा घातला, तर ते ओळखण्याचे साधन दोन्ही पक्षांपैकी कोणाकडेच नसे. व्यवहार फिसकटला एवढे कळे. नेमका कोठे फिसकटला, हे कळत नसे.

१९९६ पासून चेन्नई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या याच शहरात आज अनेक घरांतून वीतभर लांबीचा एक दुभाषी नांदतो आहे. त्याचे नाव युनिव्हर्सल रिमोट. वेगवेगळ्या कारखान्यांत जन्मलेल्या आणि एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या यंत्रांशी मालकाच्या वतीने बोलणे, हे त्याचे काम. आणि जुन्या दुभाष्याची जी अडचण, तीच याचीही आहे.

या शहराला अशा दुभाष्याची गरज इतरांच्या आधी भासली. सशुल्क वाहिन्या सेट टॉप बॉक्समधूनच दाखवाव्यात, ही योजना चार महानगरांसाठी आखली गेली होती. पण १ सप्टेंबर २००३ पासून ती प्रत्यक्षात टिकून राहिली ती चेन्नईतच. दूरदर्शन संचाचा एक रिमोट घरात होता, त्याच्या शेजारी बॉक्सचा दुसरा येऊन बसला. पुढे २००६ साली तामिळनाडू सरकारने गरीब कुटुंबांना रंगीत दूरदर्शन संच विनामूल्य देण्यास प्रारंभ केला आणि २०१७ साली राज्याच्या अरसु केबल महामंडळाने ग्राहकांना बॉक्सही विनामूल्य देऊ केले. एका योजनेतून आलेला संच आणि दुसऱ्या योजनेतून आलेला बॉक्स एकाच फळीवर विराजमान झाले. मात्र दोघांची बोली एक असेल, अशी हमी कोणत्याही योजनेत नव्हती. रिमोट हरवला की संच धडधाकट असूनही निकामी होतो. अण्णा सालैलगतच्या रिची स्ट्रीटवरील विजेच्या सामानाच्या बाजारात बदली रिमोट विकले जातात, ते या गरजेपोटीच.

ही बोली असते तरी कशी? रिमोटच्या टोकाशी असलेला चिमुकला दिवा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश फेकतो. प्रकाशाने आज्ञा देण्याची कल्पना जुनीच आहे. अमेरिकेतील झेनिथ कंपनीत यूजीन पॉली यांनी १९५५ साली प्रकाशझोताने चालणारा रिमोट सिद्ध केला. पण खिडकीतून ऊन आत आले की संच आपोआप वाहिनी बदलू लागे. पुढच्याच वर्षी रॉबर्ट ॲडलर यांनी त्यावर तोड काढली आणि प्रकाशाऐवजी कानाला न ऐकू येणाऱ्या उच्च ध्वनीचा उपयोग केला. कालांतराने प्रकाश परत आला तो युक्ती शिकूनच. आजच्या रिमोटचा दिवा नुसता पेटत नाही, तर तो सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकतो. संचातील ग्राहक तेवढ्याच वेगाच्या लुकलुकीकडे लक्ष देतो आणि स्थिर उन्हाकडे दुर्लक्ष करतो.

या लुकलुकीचे तुकडे पाडून अक्षरे बनतात. प्रचलित असलेल्या एका जपानी पद्धतीत, जी एनईसी या नावाने ओळखली जाते, आरंभी ९ मिलिसेकंदांचा दीर्घ स्पंद असतो आणि मग ४.५ मिलिसेकंदांची शांतता. त्यानंतर बत्तीस अंक येतात. प्रत्येक स्पंद सारखाच. त्यानंतरची शांतता आखूड असेल तर शून्य आणि लांब असेल तर एक. आधी यंत्राचा क्रमांक, मग त्याचाच उलटा पाठ, मग आज्ञेचा क्रमांक आणि पुन्हा त्याचा उलटा पाठ. दोन पाठांचा मेळ बसला नाही तर संच ती आज्ञा मानीत नाही. फिलिप्सची पद्धत याहून निराळी. तिचा वेग ३६,००० आणि अंक चौदा. सोनीची लुकलुक ४०,००० ची, आणि तिच्यात एकच आज्ञा एका दमात अनेकवार सांगावी लागते.

हा सारा संवाद एकतर्फी आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. रिमोट बोलतो, पण संच कधीच उत्तर देत नाही. आज्ञा पोहोचली नाही, अर्धवट पोहोचली की परभाषेत पोहोचली, हे रिमोटला समजण्याची सोय नाही. माणसाला तर तो प्रकाशच दिसत नाही. म्हणून बिघाड झाला की कोणी सेल बदलतो, कोणी रिमोट तळहातावर आपटतो आणि शेवटी संचावरच दोषारोप होतो. बिघाड शोधण्याचे खरे शास्त्र अदृश्याला दृश्य करण्यापासून सुरू होते.

त्याची पहिली पायरी खर्चाची नाही. मोबाइल फोनच्या कॅमेऱ्यासमोर रिमोटचे बटण दाबावे. पडद्यावर फिकट जांभळा ठिपका लुकलुकला तर दिवा जिवंत आहे असे समजावे. काही फोनच्या मागील कॅमेऱ्यावर अवरक्त प्रकाश अडविणारी काच असते. अशा वेळी पुढचा कॅमेरा वापरून पाहावा. ठिपका उमटलाच नाही तर सेल, सेलखालची गंजलेली पट्टी किंवा बटणाखालचे झिजलेले रबर यांची चौकशी करावी. ठिपका उमटतो, तरी संच ऐकत नाही, असे झाले तरच पुढे भाषेच्या दोषाकडे वळावे.

भाषेचा सर्वांत सामान्य दोष म्हणजे चुकीचा संकेत क्रमांक. युनिव्हर्सल रिमोटच्या पोटात अनेक कंपन्यांच्या आज्ञांचा कोश साठविलेला असतो आणि शोध चालू केला की तो एकेक संकेत आळीपाळीने म्हणून पाहतो. संच बंद झाला की शोधणारा समाधान पावतो आणि तेथेच थांबतो. परंतु संच बंद करण्याची आज्ञा अनेक संकेतांत समान असू शकते. मग आवाज वाढत नाही, यादी उघडत नाही आणि रिमोट नादुरुस्त ठरतो. वास्तविक आवाजाचे व यादीचे बटणही चालते की नाही हे पाहूनच संकेत पक्का केला पाहिजे.

कोशात संकेतच नसेल तर मूळ रिमोटकडून नव्या रिमोटला धडे द्यावे लागतात. बॉक्सच्या अनेक रिमोटांवर एका चौकटीत चार-पाच बटणे असतात, ती याचसाठी. दोन रिमोट समोरासमोर, काही सेंटिमीटरांच्या अंतरावर, टेबलावर ठेवून हा पाठ द्यायचा असतो. उन्हात किंवा विजेच्या नळीखाली दिलेल्या पाठात भलतेच स्पंद मिसळतात. चेन्नईच्या लख्ख दुपारी खिडकीशी बसून दिलेला धडा संध्याकाळी चुकीचा निघाला, तर नवल मानू नये.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही म्हणजे संगणक हाती घ्यावा लागतो. स्पंदांची नोंद घेणारे सॉफ्टवेअर संचाच्या वतीने उत्तर देते, असे म्हटले तरी चालेल. कोणता स्पंद किती वेळ टिकला, कोणती पद्धत दिसते, उलटा पाठ मूळ पाठाशी जुळतो की नाही, हे ते सांगते आणि तर्काच्या जागी पुरावा येतो. त्यातून काही सूक्ष्म दोष उघड होतात. जवळून चालणारा पण खोलीच्या दुसऱ्या टोकाहून न चालणारा रिमोट बहुधा लुकलुकीच्या वेगात चुकलेला असतो. नोंद घेणारा साधा ग्राहक तो वेग गाळून टाकतो आणि सॉफ्टवेअर ३८,००० धरून चालते. मूळ वेग ३६,००० असेल तर शब्द बरोबर पण उच्चार परका, असे होते. फिलिप्सच्या पद्धतीत एक अंक दर नव्या दाबाबरोबर पालटतो. नक्कल करताना तो गोठला, तर बावीस क्रमांकाची वाहिनी लागत नाही. दोनचा दुसरा दाब संचाला पहिलाच लांबलेला वाटतो. सोनीची आज्ञा एकदाच सांगितली गेली, तर संच ढिम्म राहतो. या तिन्ही दोषांत सेल निर्दोष असतात आणि संचही निर्दोष असतो.

सुधारलेला संकेत रिमोटमध्ये उतरविताना दोन पथ्ये पाळावी लागतात. जुनी स्मृती आधी वाचून जतन करावी आणि लेखन नेमक्या त्याच नमुन्याच्या रिमोटसाठी आहे याची खात्री करावी. एका नमुन्याची स्मृती दुसऱ्यात घातली तर चालू असलेला रिमोटही भ्रमिष्ट होतो. जतन केलेली प्रत असली म्हणजे पूर्वस्थितीला येता येते.

येथे एक मोठा प्रश्न उभा राहतो. हा कोश कोणाच्या मालकीचा? लॉजिटेक कंपनीच्या हार्मनी रिमोटांची मांडणी कंपनीच्या दूरस्थ संगणकांवर ठेवलेली असे. एप्रिल २०२१ मध्ये कंपनीने त्यांचे उत्पादन थांबविल्याचे जाहीर केले. सेवा चालू राहील असे आश्वासन तिने दिले. तथापि रिमोट ग्राहकाच्या हातात आणि त्याचे ज्ञान परक्या घरी, ही स्थिती तेव्हा अनेकांच्या ध्यानात आली. याच्या उलट उदाहरण वन फॉर ऑल रिमोटांचे. त्यांच्या सेलच्या कप्प्यात सहा टाचण्यांची एक जोडणी असते आणि आतील फलकावर तिच्याजवळ जेपी वन अशी अक्षरे असतात. हौशी अभ्यासकांनी ती जोडणी संगणकाला लावून स्मृतीचा अर्थ उलगडला, त्यासाठी रिमोटमास्टर नावाचे सॉफ्टवेअर रचले आणि ते सर्वांना मोकळे केले. कारखान्याने एखाद्या संचाचा संकेत दिला नाही तरी या मार्गाने तो घालता येतो.

प्रश्न क्षुल्लक वाटेल, परंतु तसा तो नाही. मुले परदेशी आणि गुडघे अधू अशा स्थितीत एकट्या राहणाऱ्या वृद्धेच्या दृष्टीने सायंकाळची बातमी आणि तिचे एकटेपण यांच्यामध्ये हाच एक दुभाषी उभा असतो. गरीब घरात तो बिघडला, तर सरकारने दिलेला संच भंगारात जातो आणि भंगाराच्या ढिगात आणखी एका धडधाकट यंत्राची भर पडते. दोष सेलमध्ये, बटणात, संकेतात की वेगात, हे क्रमाने पाहण्याची सवय दुरुस्ती करणाऱ्यांत रुजली तर यातील पुष्कळसे नुकसान टळेल. आणि एकदा खरा संकेत सापडला की तो कागदाच्या चिठ्ठीवर लिहून सेलच्या झाकणाच्या आतील बाजूस चिकटवावा. सेल बदलताना रिमोट कधी कधी सारे विसरतो. चिठ्ठी विसरत नाही.