पहाडी शिकारीची हलकी रायफल

हिमालयाच्या उतारांवर तहर नांवाचा एक रानबोकड आढळतो. नेपाळांत त्यास झारल म्हणतात. नराच्या मानेवर व खांद्यांवर आयाळीसारखे लांब केस असतात, आणि ज्या कड्याकडे नुसतें पाहिलें तरी माणसास घेरी यावी, त्या कड्यावर तो निवांत चरत असतो. ह्या प्राण्याची शिकार भारतांत आतां होत नाहीं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यांत १९९१ सालीं झालेली दुरुस्ती ह्यांनीं तो अध्याय संपविला. परंतु त्याच तहराचा एक वंश पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, नांदत आहे. १९०४ सालीं इंग्लंडांतील बेडफर्डच्या ड्यूकानें आपल्या वोबर्न येथील उपवनांतून कांहीं तहर तिकडे भेटीदाखल पाठविले व ते माउंट कुकच्या परिसरांत सोडण्यांत आले. वटवाघळें व समुद्रकांठचे सील सोडल्यास त्या भूमीवर मुळांत एकही सस्तन प्राणी नव्हता. तेव्हां ह्या पाहुण्यांस शत्रूच उरला नाहीं. हिमरेषेखालचें गवत व झुडपें ते फस्त करूं लागले आणि सरकारला त्यांची संख्या आवरणें भाग पडलें. १९९३ च्या योजनेनें ती दहा हजारांच्या आंत ठेवावी असें ठरलें. म्हणूनच त्या देशांत शिकाऱ्यास मज्जाव नाहीं. उलट त्याचें सहाय्यच घेतलें जातें.

पहाडी शिकारीसाठीं रायफल कशी निवडावी ह्या प्रश्नाचा विचार करण्यास ह्या भूमीइतकी योग्य भूमी क्वचितच सांपडेल. दक्षिण आल्प्स पर्वताचा पश्चिम उतार हा जगांतील अतिवृष्टीच्या प्रदेशांपैकीं एक. कांहीं दऱ्यांत वर्षाकांठीं दहा मीटरहून अधिक पाऊस पडतो. महाबळेश्वरचा पाऊस त्यापुढें बेताचाच म्हणावा लागेल. नदीच्या पात्रांतून निघावें, दाट झुडपांतून वाट काढावी, मग ओल्या गवताचा निसरडा चढ, त्यानंतर सुटे दगड, आणि शेवटीं बर्फ. पाठीवर तंबू, शिधा, दोर व गरम कपडे असतातच. अशा ठिकाणीं रायफलीचें एक किलो वजन कमी झालें तर सायंकाळीं शिकाऱ्याच्या गुडघ्यांस तें नेमकें कळतें. येथवर कोणाचाच मतभेद नाहीं. मतभेद आहे तो पुढें. कारण रायफल दिवसभर वाहावयाची असली तरी ती घ्यावयाची असते एका क्षणासाठीं, आणि त्या क्षणीं तिचा हलकेपणा हाच शिकाऱ्याचा वैरी होऊन बसतो.

बोल्टच्या रायफलीची रचना सोपी आहे. नळीच्या मागल्या तोंडाशीं पोलादी दांडा, म्हणजे बोल्ट, असतो. त्याची मूठ वर उचलून मागें ओढली कीं रिकामें काडतूस बाहेर फेंकलें जातें. पुढें ढकलून खालीं दाबली कीं नवें काडतूस नळींत बसतें आणि दांड्याच्या पुढील कानांनीं तोंड पक्कें बंद होतें. जर्मनीच्या पॉल माउझर ह्यानें १८९८ सालीं ह्या रचनेस जें रूप दिलें, त्यांत आजवर मूलगामी बदल करण्याची गरज फारशी भासलेली नाहीं. हलणारे भाग थोडे, म्हणून वजन कमी. बंद करण्याची पद्धत घट्ट, म्हणून नेम एकसारखा. शिवाय न्यूझीलंडमध्यें २०१९ सालच्या क्राइस्टचर्च येथील हत्याकांडानंतर बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी आली. बोल्टच्या रायफलीस परवानाधारकांसाठीं मुभा राहिली.

ज्यांनीं जिम कॉर्बेटच्या कथा वाचल्या आहेत त्यांस हें शस्त्र अगदींच अपरिचित नसेल. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीस मारल्याबद्दल १९०७ सालीं कॉर्बेट ह्यांस जी रायफल बक्षीस मिळाली ती लंडनच्या रिग्बी कारखान्याची, .२७५ बोअरची, माउझर पद्धतीच्या बोल्टची होती. तिचें काडतूस म्हणजेच १८९२ चें सात मिलिमीटर माउझर. कुमाऊंच्या डोंगरांत पायीं हिंडणाऱ्या माणसास तें हलकें शस्त्र मानवलें ह्यांत नवल नाहीं. मात्र कॉर्बेट ह्यांचें काम जवळच्या अंतरावरचें होतें. तहराचा शिकारी बहुधा दरीच्या एका अंगास असतो आणि तहर दुसऱ्या अंगास, दोनशें ते चारशें मीटरवर.

आतां हलकेपणाची किंमत पाहूं जातां पहिली गोष्ट धक्क्याची. गोळी व जळलेली बारूद जेवढ्या आवेगानें पुढें जातात, तेवढ्याच आवेगानें रायफल मागें येते. आवेग तोच असतां रायफलीचें वजन एकतृतीयांशानें घटविलें, तर खांद्यावर येणारी धक्क्याची ऊर्जा दीडपट होते. चार किलोच्या रायफलीतून जें काडतूस सौम्य वाटतें तेंच पावणेतीन किलोच्या रायफलीतून कठोर वाटूं लागतें. खांदा दुखतो ही बाब क्षुल्लक आहे. खरी हानि मनाची होते: पुढचा धक्का येणार हें शरीरास ठाऊक झालें कीं चाप ओढण्याच्या निमिषाआधींच डोळे मिटतात, खांदा पुढें जातो आणि नेम ढळतो. तरुण शिकारी ह्यास भित्रेपणा समजून लपवितात. परंतु ही शरीराची स्वाभाविक प्रतिक्रिया आहे, आणि तिच्यावरचा उपाय धाडस नव्हे, लहान काडतूस हा आहे.

दुसरी गोष्ट स्थैर्याची. जड रायफल हातांत आळशासारखी पडून राहते. हृदयाच्या ठोक्यानें वा श्वासानें ती सहसा डळमळत नाहीं. हलकी रायफल प्रत्येक ठोक्यासरशी नाचते, आणि चढ चढून आलेल्या मनुष्याचे ठोके कांहीं मंद नसतात. त्यांत चाप कडक असला तर दुहेरी संकट. दोन-सव्वादोन किलोच्या रायफलीचा चाप ओढण्यास अडीच किलोचा जोर लागत असेल, तर बोट चापास ओढतें कीं सबंध रायफलीस, हा प्रश्नच पडावा. एक ते सव्वा किलोचा, स्वच्छ तुटणारा चाप असावा. त्याहून हलका नको; थंडीनें बधिर झालेल्या बोटास तो समजत नाहीं.

तेव्हां वजन कमी करावयाचें तें कोठून? दस्त्यापासून आरंभ करणें शहाणपणाचें. अक्रोडाच्या लांकडाचा दस्ता दिसण्यांत देखणा खरा, पण पावसांत तो फुगतो व नळीस टेंकून नेम बदलतो. कार्बनच्या तंतूंचा दस्ता ओलाव्यास दाद देत नाहीं व अर्ध्या किलोपर्यंत वजन वांचवितो. नळीच्या बाबतींत मात्र हात आंखडता घ्यावा. बारीक नळी दोन-तीन गोळ्यांत तापते व गोळ्या इकडेतिकडे पडूं लागतात. शिकारींत बहुधा एकच गोळी लागते, म्हणून हा दोष चालून जातो असें विक्रेते म्हणतात, आणि त्यांत तथ्य आहे. परंतु सराव करतांना नळी निवूं देण्याइतका धीर ज्यास नाहीं त्यानें थोडी जाड नळी घ्यावी. न्यूझीलंडमध्यें ध्वनिरोधक नळकांड्यास कायद्याची आडकाठी नाहीं. तें धक्का कमी करतें व कान वांचवितें, म्हणून तेथील पुष्कळ शिकारी तें बसवितात. पण त्याचें तीन-चारशें ग्रॅम वजन नेमकें नळीच्या टोकास लटकतें, म्हणून नळी आंखूड घ्यावी लागते. नळीचा एक इंच कापला कीं गोळीचा वेग सेकंदास सहा ते नऊ मीटरांनीं घटतो. हा सौदा बहुतेकांस परवडतो.

जाहिरातींतल्या आंकड्यांविषयीं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. किंबर ह्या अमेरिकन कंपनीनें 'माउंटन असेंट' नांवाची रायफल काढली, ती सव्वादोन किलोच्याही आंत भरली. आंकडा खोटा नव्हे. पण तो नुसत्या रायफलीचा. त्यावर दुर्बीण चढते, तिच्या कड्या चढतात, पट्टा, काडतुसें, नळकांडें येतें. मोठ्या दुर्बिणीचें वजन एक किलोपर्यंत जातें. रायफलीवर हजारों डॉलर खर्चून वांचविलेले चारशें ग्रॅम दुर्बिणीच्या दुकानांत परत विकत घेणारे लोक कमी नाहींत. सर्व साज चढवून तराजूवर ठेवावी आणि मग बोलावें. सबंध साजासह साडेतीन किलोच्या आसपास भरणारी रायफल सामान्य शिकाऱ्यास पेलते व आंवरतेहि. फिनलंडच्या टिक्कासारखी साधी, मध्यम किंमतीची रायफल ह्या मर्यादेंत सहज बसते. तिच्याहून महाग शस्त्रें आहेत, परंतु त्यांनीं तहर अधिक निश्चितपणें पडतो असें मानण्यास आधार नाहीं.

काडतुसांचा वाद मात्र शिकाऱ्यांच्या शेकोट्यांभोंवतीं कधींच संपत नाहीं, म्हणून तो थोडक्यांत आटोपावा. तहराचा पूर्ण वाढलेला नर सुमारें सत्तर ते शंभर किलोचा असतो. १९२५ चें .२७० विंचेस्टर रानमेंढ्यांच्या शिकारींत नांवाजलें आणि जॅक ओकॉनर ह्या अमेरिकन लेखकानें त्याचा आयुष्यभर पुरस्कार केला. १९५२ चें .३०८, १९८० चें सात मिलिमीटर-०८ आणि २००७ चें साडेसहा मिलिमीटर क्रीडमूर हीं तिन्ही त्याहून आंखूड, म्हणून त्यांचा बोल्टहि आंखूड व किंचित् हलका. हलक्या रायफलीस शेवटचीं दोन विशेष शोभतात, कारण धक्का बेताचा. मोठ्या मॅग्नम काडतुसांचा मोह टाळावा.

आतां अंतराचा विचार. साडेसहा मिलिमीटर क्रीडमूरची गोळी सेकंदास सुमारें सव्वाआठशें मीटर वेगानें निघते. दोनशें मीटरवर नेम जुळविलेला असेल, तर तीनशेंवर ती सुमारें वीत-सव्वावीत, चारशेंवर साठ सेंटीमीटर आणि पांचशेंवर सव्वा मीटरच्या जवळपास खालीं उतरते. हें उतरणें गणितानें बांधलेलें आहे. लेसरच्या अंतरमापकानें अंतर कळलें कीं दुर्बिणीची चकती फिरवून तें भरून काढतां येतें. उतारावरचा गोंधळहि गणितानेंच सुटतो: गुरुत्वाकर्षण आडव्या अंतरापुरतें मोजावें लागतें. तीस अंशांच्या चढावर चारशें मीटर दूर दिसणारा प्राणी गोळीच्या उतरण्याच्या हिशेबानें साडेतीनशें मीटरवरच असतो, मग तो वर असो कीं खालीं. हें न जाणणारा शिकारी नेहमीं प्राण्याच्या पाठीवरून गोळी मारतो.

वाऱ्याचें तसें नाहीं. झाडांचीं पानें सतत हलविणारा, ताशीं १६ किलोमीटरचा आडवा वारा तीच गोळी तीनशें मीटरवर वीतभराहून थोडी कमी, पण पांचशेंवर सुमारें एक हात बाजूस नेतो. दरींत वारा तीन ठिकाणीं तीन दिशांनीं वाहतो, आणि शिकाऱ्यास त्यांतला केवळ आपल्या गालावरचा कळतो. भरींत भर म्हणजे चारशें मीटर जाण्यास गोळीस अर्ध्या सेकंदाहून किंचित् अधिक वेळ लागतो. तेवढ्यांत तहर एक पाऊल टाकूं शकतो. मग गोळी फुप्फुसांऐवजीं पोटांत बसते. जखमी तहर पळतो तो जेथें माणूस पोंचणार नाहीं अशा कड्यावर, व तेथें तासन्‌तास तडफडतो. म्हणून किती अंतरावरून गोळी झाडावी हें रायफलीवर लिहिलेलें नसतें. ओल्या जमिनीवर पडून, पाठपिशवीवर रायफल टेंकून, धांपा टाकीत असतां ज्या अंतरावर दहापैकीं दहा गोळ्या पसरट ताटलीएवढ्या वर्तुळांत बसतात, तेंच त्या माणसाचें अंतर. अनेकांच्या बाबतींत तें तीनशेंच्याहि आंत निघतें. टेंकतांना नळी दगडावर कधीं ठेवूं नये. दस्त्याचा पुढील भाग मऊ वस्तूवर टेंकावा व त्यावर हाताचा दाब असावा, म्हणजे हलकी रायफल उसळत नाहीं.

नेम उत्तम असूनहि गोळी झाडूं नये असा प्रसंग येतो. नर कड्याच्या अगदीं कांठावर उभा आहे, खालीं दोनशें मीटरचा तुटलेला उतार आहे. पडला तर मांस, कातडें, शिंगें सर्व चिंधड्या; आणि ते आणावयास दोर सोडून उतरणारा मनुष्यहि त्याच वाटेनें जाण्याचा संभव. अशा वेळीं तहर कांठापासून आंत सरकेपर्यंत वाट पाहावी. तोंवर नळींत काडतूस नसावें.

बहुतेक शिकारी आज हेलिकॉप्टरनें तळावर उतरतात. वाटेंत रायफल आदळलेली असते, हवा बदललेली असते. तंबू उभारण्यापूर्वीं शंभर मीटरवर कागद लावावा आणि थंड नळीनें एकच गोळी झाडावी. ती ठरल्या जागीं पडली नाहीं, तर आधीं दुर्बिणीच्या कड्यांचे व दस्त्याचे स्क्रू तपासावे, मग दुसरी गोळी. आणि दोन्हींच्या मध्यें नळी हातास गार लागेपर्यंत चहा करून घ्यावा.