दात काढल्यानंतरचा पहिला दिवस

दात काढायची भीती वाटते, ती दुखण्याची. पण इंजेक्शनने हिरडी बधिर होते… मग दाब जाणवतो, कळ सहसा येत नाही. खरी काळजी घ्यायची, ती नंतर. रिकाम्या खाचेत रक्ताची गुठळी धरते. ती खालचं हाड झाकते. ती निघाली, तर दोन-तीन दिवसांत असह्य ठणका लागू शकतो. म्हणून ही गुठळी जपा, लगेच चूळ भरू नका.

कुणी म्हणेल, चूळ न भरता तोंड स्वच्छ कसं राहणार? शंका रास्त आहे. पण जोराच्या चुळीने गुठळीच सुटते. म्हणून पहिले 24 तास चूळ नको, थुंकणं नको… तंबाखू, मिश्री तर नकोच. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच चूळ भरा. लाळ गुलाबी दिसली, तरी घाबरू नका. रक्त थांबेचना, तर मात्र लगेच डॉक्टरांकडे जा.