उन्हाळ्यांतील माशांची पेटी

वैशाखांतील दुपार. नाशिकच्या जुन्या वस्तींतील एखाद्या घरीं मोठी मंडळी जेवून पहुडलीं आहेत. मुलें तेवढीं जागीं आहेत. काचेच्या पेटींतील सोनेरी मासे पाण्याच्या पृष्ठभागाशीं येऊन सारखीं तोंडें उघडीत-मिटीत आहेत. मुलांना वाटतें, मासे खेळत आहेत, किंवा त्यांना भूक लागली आहे. आणि धाकटें मूल मोठ्या प्रेमानें चिमूटभर खाद्य टाकतें. श्रोतेहो, तो खेळ नसतो आणि ती भूकहि नसते. ते मासे गुदमरत असतात. आणि सुखासाठीं म्हणून टाकलेलें तें खाद्यच पाण्यांत कुजून त्यांचे हाल वाढवितें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुलें रडूं लागलीं म्हणजे वडील माणसें म्हणतात, "उन्हाळा बाधला." बाधला हें खरें, पण तो कसा बाधतो हें कळलें तर पुष्कळदां टाळतां येतो.

पाणी तापूं लागलें कीं त्यांत विरघळलेला प्राणवायु कमी होतो. २० अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु राहूं शकतो. ३० अंशांवर तो साडेसातांच्या आसपास येतो आणि ३५ अंशांवर सातांवर. हे आंकडे समुद्रकांठचे. नाशिक त्याहून सुमारें ६०० मीटर उंच, म्हणून येथें त्यांतहि थोडी तूट धरली पाहिजे. इकडे आवक घटत असतां तिकडे खर्च वाढतो: पाणी १० अंशांनीं तापलें म्हणजे माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज अदमासें दुप्पट होते. असल्या संसाराचें काय होतें, हें कोणत्याहि गृहिणीला निराळें सांगावयास नको. गपी, मॉली हे उष्ण देशांतील मासे बराच तग धरतात; मूळचा चीनमधील, थंड पाण्याचा सोनमासा मात्र आधीं घायकुतीला येतो, आणि घरोघर आवडता असतो तोच.

हा छंद वाढला थंड देशांत. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांतील मत्स्यालय १८५३ सालचें. आपल्याकडे मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं उघडलें. विलायती पुस्तकांत पाणी ऊन कसें राखावें याचाच विचार फार. नाशिकच्या पौष-माघांत तो उपयोगी पडतो. चैत्र लागला कीं प्रश्न उलटा होतो.

उलट्या प्रश्नाचें उत्तर मात्र घरांतच आहे. रांजणांतील पाणी गार कां होतें? तें पाझरतें, वाळतें, आणि वाळतांना उष्णता घेऊन जातें. एक किलो बर्फ वितळतांना जेवढी उष्णता शोषतो, तिच्या सातपट उष्णता एक लिटर पाणी वाफ होऊन जातांना नेतें. बर्फ डोळ्यांना दिसतो, वाफ दिसत नाहीं, म्हणून लोक बर्फाकडे धांवतात. नाशिकचा उन्हाळा कोरडा. अशा हवेंत पेटीचें झांकण काढून वर जाळी बसवावी आणि लहानशा पंख्याचा वारा पृष्ठभागावरून तिरपा जाऊं द्यावा, कीं पाणी दोन-चार अंशांनीं उतरतें. जाळी विसरूं नये. मासा उडी मारतो आणि मांजर वाट पाहात असतें. आटलेलें पाणी रोज भरावें, तेंहि नळाचें तोंड सरळ पेटींत सोडून नव्हे. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळतो. तो घालविणारें औषध पेट्यांच्या दुकानांत मिळतें, तें मिसळूनच पाणी ओतावें.

येथें खास नाशिककरांना एक सूचना. तांब्यापितळेच्या भांड्यांचा या गांवाला पिढ्यान्‌पिढ्यांचा अभिमान आहे आणि पिण्याचें पाणी तांब्याच्या हंड्यांत ठेवण्याची चाल चांगलीच आहे. पण माणसाला मानवणारें तें पाणी माशाला विष ठरूं शकतें. पेटीसाठीं मातीचें किंवा प्लास्टिकचें भांडें निराळें ठेवावें.

पेटीची जागाहि पाहावी. पश्चिमेच्या खिडकीशीं किंवा पत्र्याखालीं ठेवलेली पेटी कोणताहि पंखा वांचवूं शकत नाहीं. जुन्या वाड्याची तळमजल्यावरील जाड भिंतीची खोली सर्वांत उत्तम. पेटीवरील दिवा दुपारीं मालवावा. खाद्य निम्म्यावर आणावें आणि तें सकाळींच घालावें.

बर्फ लागलाच तर उघडा टाकूं नये. घरीं बाटलींत पाणी गोठवून ती बंद बाटली पेटींत तरंगत ठेवावी, आणि उष्णता तासाला एखाद्या अंशाहून अधिक उतरणार नाहीं असें पाहावें. चाळीस अंशांच्या दुपारींहि जो मासा तग धरून होता, तो अशा एकाएकीं थंडीनें दगावतो, आणि दोष पुन्हां उन्हाळ्याच्या माथीं जातो.

वीज गेली, पंखा आणि हवेचा पंप दोन्ही थांबले, तर पेल्यानें पेटींतीलच पाणी वीतभर उंचीवरून पुन्हां पेटींत ओतीत राहावें. हवा त्यांत मिसळते. खाद्य टाकणाऱ्या त्या धाकट्या मुलाला हें काम सांगावें. तें आनंदानें करील.

खरी कसोटी मात्र मृगाच्या आधींच्या आठवड्यांत लागते. आभाळ भरून येतें, हवा दमट होते, घाम वाळत नाहीं आणि पेटींतील पाणीहि वाळत नाहीं. पंख्याचा गुण निम्म्यानें जातो. तेव्हां गोठविलेल्या बाटल्या दोन-तीन तयार ठेवाव्या आणि हवेचा पंप पहिला पाऊस पडून गारवा येईपर्यंत रात्रींहि बंद करूं नये.